मॅडमना तुमचे गुडघे दिसतायत का?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात पाऊस लागला की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणारी मंडळी सुरवातीला छत्री-रेनकोट घेऊन नेटानं जातात आणि मग हळूच घरी बसतात, हिल मॅरेथॉनची तयारी करणारी पोरं तेवढी भिजत यवतेश्वरचा घाट चढत असतात. मग बाकीच्यांचे फोन येतात, मॅडम, व्यायामाची ऑनलाइन बॅच आहे का? आहे की! पण क्लास लावायच्या आधी घरात जागा लावा, आज त्याबद्दलच बोलणारे.

मी स्क्रीनच्या पलीकडं उभी असते, त्यामुळं मला काय काय दिसतं ते ऐका. कुणाचं नुसतं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. कुणी खिडकीकडं पाठ करून उभं, म्हणजे माणूस पूर्ण काळा, हात कुठला पाय कुठला कळत नाही. झालं काय, की आपल्याला मॅडम नीट दिसल्या पाहिजेत या हिशोबानं सगळे फोन ठेवतात. अहो, नुसतं बघूनच व्यायाम करायचा तर यूट्यूबवर फुकट पडलेत ढीगभर व्हिडिओ. तुम्ही फी भरलीय ती मी तुम्हाला बघावं म्हणून. स्क्वॉट म्हणजे उठाबशा मारताना गुडघे आत वळतायत, प्लँकमध्ये, म्हणजे पालथं होऊन कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरताना, कंबर खाली लोंबतीय, हे मला दिसलं तरच मी ओरडणार ना!

म्हणून पहिलं काम फोनचं. फोन आडवा ठेवायचा, साधारण कमरेच्या उंचीला, तुमच्यापासून सात-आठ फुटांवर, आणि उजेड समोरून आला पाहिजे. जमिनीवरचे प्रकार सुरू झाले की स्टुलावरचा फोन खाली पाटावर आणायचा. स्टँड नसला तरी चालतं, गव्हाचा भरलेला डबा बेस्ट, पण तांब्याला टेकवून ठेवू नका, पहिल्या जंपिंग जॅकच्या उडीलाच फोन तोंडावर आपटतो. समोर तोंड करून सरळ उभं राहण्यापेक्षा जरा तिरकं राहा, म्हणजे पाठीचा बाकही दिसतो. आणि ते मागं समुद्र-बिमुद्र दाखवणारं बॅकग्राउंड लावू नका बाबा, हात वर केला की मनगटापासून गायब होतो. मागचा पसारा दिसू नये असं वाटतं, मान्य आहे, बायकांना तर जास्तच, मग दोरीवर जुनी साडी टाका किंवा सरळ कोरी भिंत मागं येईल असं उभं राहा.

आता जागा किती? टेप घेऊन बसायची गरज नाही. फरशीवर उताणं झोपा, हात डोक्यावर लांब करा, घरातल्या कुणालातरी दोन्ही टोकांना खडूनं खूण करायला सांगा, मग हात दोन्ही बाजूंना पसरून परत खुणा. बहुतेकांचं सात बाय सहा फुटांत भागतं. आपल्याकडच्या घरात सोप्यातली टीपॉय सरकवली आणि दिवाण भिंतीला लावला की एवढी जागा निघतेच. जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी वर पण बघा, तुळई खाली असते, सूर्यनमस्काराला हात वर गेला की बोटं आपटतात. त्या जाड भिंतींतून वायफाय पण नीट येत नाही. फोनच्या वायफायच्या यादीत आपल्या राउटरची दोन नावं दिसत असतील तर माजघरात ५ गिगाहर्ट्झवालं सोडून २.४ वालं लावा, स्पीड कमी पण भिंतीपलीकडं तेच जास्त पोचतं. मोबाइल डेटावर तासाभराच्या व्हिडिओ क्लासला एक जीबीच्या आसपास जातो, रोजचा दीड जीबीचा पॅक असला तर उरलेल्यात दिवस काढायचा हे घरी आधीच ठरवा.

खाली काय अंथरायचं, तर सतरंजी नको. नको म्हणजे नकोच. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी सरकते, आणि पावसाळ्यात फरशीला ओल सुटते तेव्हा तर विचारू नका. ६ मिलीमीटरची रबरी मॅट पुरते. दुकानदार जाडजूड गादीसारखी गळ्यात मारायला बघतो, पण तिच्यावर एका पायावर उभं राहिलं की घोटा डुगडुगतो. गुडघे दुखत असतील तर टॉवेलची घडी गुडघ्याखाली घ्या. मोजे घालून व्यायाम नाही. प्लास्टिकच्या खुर्चीचा आधार घेऊन दंडाचे व्यायाम पण नाहीत, ती मागं सटकते, त्यापेक्षा भिंतीला टेकवलेलं लाकडी बाक घ्या. डंबेल लगेच विकत आणू नका, लिटरची भरलेली पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, सुरवातीला बास झालं. रबरी बँड दाराच्या कडीला बांधणार असाल तर ओढल्यावर दार बंद होईल अशा बाजूला उभं राहायचं, उघडेल अशा नाही, नाहीतर दारासकट अंगावर.

खरी अडचण माणसांची असते हो. सकाळी साडेसहाचा क्लास आणि त्याच वेळेला नळाला पाणी, हे ज्यांच्या घरात आहे त्यांनी बॅचच बदलून घ्यावी, कारण पिंप भरतंय का याकडं कान ठेवून केलेला प्लँक हा प्लँक नसतो. सासूबाईंना वेळ सांगून ठेवा, त्यांना पण शेजारी खुर्चीवर बसून हात-खांद्याचे प्रकार करू द्या, माझ्या बॅचमध्ये अशा दोन-तीन आज्जी आहेत आणि दांडी सगळ्यात कमी त्याच मारतात. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल तर पहाटे उड्या नकोत, मला सांगा, उडीऐवजी पाय बाजूला टाकायचा प्रकार देते.

बीपी, हार्ट, पाठीचं ऑपरेशन असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि मग आम्हालाही सांगा.

क्लासच्या आदल्या रात्री एक करा. फोन ठरलेल्या जागी ठेवून दहा स्क्वॉट मारा आणि रेकॉर्ड करून बघा. पावलं दिसली? हात वर गेल्यावर बोटं कापली गेली नाहीत ना? मग फोन फुल चार्ज करून झोपा, पावसात लाईटचा काही भरवसा नाही, आणि सकाळी क्लासला बसायच्या आधी डू नॉट डिस्टर्ब लावा, नाहीतर नेमका शवासनात गावाकडनं मामांचा फोन येतो.