अदेबायोरची यादी आणि माझी

मंडळी, नमस्कार.

दिवाळी मेळाव्यात मी आपल्या सांस्कृतिक ओळखीविषयी बोलावे, असे अध्यक्षांनी सुचवले होते आणि मी तीन पाने लिहूनही काढली होती; पण गेल्या रविवारी आमच्या घरात जे झाले, त्यानंतर ती पाने मलाच वाचवेनात. म्हणून आज तुम्हाला एका फुटबॉलपटूची गोष्ट ऐकावी लागणार आहे. शाळेच्या संघात ज्याच्याकडे केवळ पाण्याची कळशी सांभाळण्याचे काम होते, त्याने ती सांगावी हा विनोद मला मान्य आहे.

ऑक्टोबरात इथे ब्रिटनमधल्या शाळांमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात. त्यासाठी आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाचा फुटबॉलपटू एमॅन्युएल अदेबायोर हा विषय निवडला आणि माहिती जमवायला मला बसवले. रविवारी दादाचा वाईहून फोन आला. जुन्या घराची कौले यंदाच्या पावसात पुन्हा गळली होती आणि खर्चाचे काय करायचे, एवढेच त्याने विचारले. मी मात्र आजवर दिलेले पैसे मोजत, आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेपासून सुरुवात करून बोअरवेल, पुतणीची फी, वॉशिंग मशीन असे करत करत थेट 2011 सालच्या इन्व्हर्टरपर्यंत पोहोचलो. फोन ठेवला तेव्हा चिरंजीव जिन्यात बसलेले होते. ते म्हणाले, "बाबा, तू सेम अदेबायोर केलंस."

आपल्यातले निम्मे आर्सेनल या लंडनच्या क्लबाचे आणि निम्मे त्याच्या कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमचे पाठीराखे आहेत, त्यामुळे हे नाव ऐकताच काही चेहरे आंबट होणार हे मी धरूनच चाललो होतो. टोगोच्या लोमे शहरात 1984 मध्ये नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा उंच, सडपातळ मुलगा पंधराव्या वर्षी फ्रान्समधल्या मेत्झ क्लबात दाखल झाला. तिथून मोनॅको, जानेवारी 2006 मध्ये आर्सेनल, मग मँचेस्टर सिटी, काही महिने रेआल माद्रिद, टॉटनहॅम, क्रिस्टल पॅलेस, तुर्कस्तानातले दोन क्लब, पॅराग्वेतला ऑलिम्पिया आणि शेवटी पुन्हा टोगोत, सोकोदे शहराचा सेमासी असा त्याचा प्रवास झाला. क्लब मोजायला मुलाला दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत. टोगो आजवर एकदाच, 2006 मध्ये, विश्वचषकात खेळला, तो मुख्यतः त्याच्या पात्रता फेरीतल्या 11 गोलांच्या बळावर; आणि 2008 चा आफ्रिकेतला सर्वोत्तम फुटबॉलपटूही तोच ठरला.

लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो 12 सप्टेंबर 2009 चा, मँचेस्टर सिटीकडून आर्सेनलविरुद्ध खेळलेला सामना. आर्सेनल सोडून दोनच महिने झाले होते आणि मँचेस्टरमध्ये आलेले आर्सेनलचे पाठीराखे त्याला सामनाभर वाटेल ते ऐकवत होते. त्याने डोक्याने गोल मारला, मग अख्खे मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाऊन त्याच पाठीराख्यांसमोर गुडघ्यांवर घसरत गेला आणि हात पसरून थांबला. त्याला 25 हजार पौंड दंड झाला. त्याचे समर्थन मी करत नाही. पण एवढे अंतर माणूस परक्यांना दाखवण्यासाठी धावत नाही, हे मला आता कळते. (क्लब बदलला म्हणून त्याला शिव्या घालणाऱ्यांनी, गणपतीच्या वादानंतर पलीकडच्या मंडळात गेलेल्या कुटुंबाशी आपण किराणा दुकानात किती दिवस बोललो नाही, तेही एकदा आठवावे.)

त्यानंतर चारच महिन्यांनी, 8 जानेवारी 2010 रोजी, आफ्रिकन चषकासाठी टोगोचा संघ काँगोतून बसने अंगोलाच्या काबिंडा प्रांतात शिरला आणि फुटीरतावाद्यांनी त्या बसवर मशीनगनमधून गोळ्या झाडल्या. सहप्रशिक्षक आणि माध्यम अधिकारी दगावले, गोलरक्षक ओबिलाले गंभीर जखमी झाला. खेळाडू बसच्या आसनांखाली लपले होते. अदेबायोर त्या वेळी पंचवीस वर्षांचा होता. काही महिन्यांनी त्याने देशाकडून खेळणे सोडले, पण तो परत आला आणि 2013 मध्ये आफ्रिकन चषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या संघात तो होता. मुलाने हा भाग वाचून दाखवला तेव्हा आमच्या घरात कोणी काही बोलले नाही.

आणि मग ती यादी. मे 2015 मध्ये अदेबायोरने घरातले भांडण फेसबुकवर मांडले. घर घेऊन दिले, धंद्याला पैसे दिले, कोणासाठी काय काय केले, हे त्याने पोस्टमागून पोस्ट लिहून जगाला सांगितले. घरच्यांचे म्हणणे अर्थातच वेगळे होते. आपण त्यावर हसलो असतो, म्हणालो असतो की एवढा पैसेवाला माणूस आणि चव्हाट्यावर काय आणतो. पण मंडळी, आपल्या पॉटलकमध्ये पुरणपोळीनंतर दुसरे काय चालते? कोणी गावच्या देवळाला फरशी दिलेली असते, कोणी भावाच्या मुलाला इंजिनिअर केलेले असते, आणि सांगताना प्रत्येकाचा आवाज जरासा वर गेलेला असतो. आपण फेसबुकवर लिहीत नाही, कारण गावातले सगळे आपल्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

त्या रात्री चिरंजीवांनी आणखी एक प्रश्न विचारला. "मोठ्या काकांकडे पण लिस्ट असेल ना?" मी म्हटले, असेल. "मग त्यांनी फोनवर वाचली का नाही?"

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आईच्या ऑपरेशनला पैसे माझे गेले. अकरा रात्री दवाखान्यातल्या बाकावर तो झोपला. वडील गेले तेव्हा मी तेराव्याला पोहोचलो आणि चौथ्या दिवशी परतीच्या विमानात बसलो. त्यानंतर वारसनोंद, सातबारा, लाइटबिलावरचे नाव, बँकेतले हेलपाटे यांची तारीखवार नोंद त्याने कुठे ठेवली असेल, असे मला वाटत नाही. कदाचित ठेवलीही असेल. मी कधी विचारले नाही.

दादाने गेल्या वर्षी हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला होता. बहिणीने सही केली. माझी प्रत अजून फ्रीजवर, पिझ्झाच्या पत्रकाखाली आहे. सही केली तर तिकडे माझे काही उरत नाही आणि नाही केली तर गळणाऱ्या कौलांत माझाही वाटा आहे, हे मान्य करावे लागते. मुलाचे शाळेतले भाषण शुक्रवारी झाले. शिक्षिकेने त्याला विचारले की अदेबायोर शेवटी टोगोला परत का गेला असेल. त्याने काय उत्तर दिले, ते तो मला सांगायला तयार नाही.