आई इकडे, गौरी कुठे?

(डॅलस परिसरातल्या मराठी कुटुंबांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, आईवडील किंवा सासूसासरे इकडे यायचे ठरले की आपण तिकिटं बघतो, आरोग्य विमा बघतो, मुलांच्या शाळेचं वेळापत्रक बघतो. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. एप्रिल-मेमध्ये आलेली माणसं ऑक्टोबरपर्यंत असतात आणि गौरी-गणपती बरोबर मध्ये येतात. आपल्याला आनंद होतो, यंदा आरतीला आजी-आजोबा आहेत!

पण ज्या घरी गौरी बसतात, त्या घरच्या आईच्या मनात तेव्हा वेगळंच चाललेलं असतं. ती इकडे आली म्हणजे तिकडच्या घराला कुलूप. मग यंदा गौरी कोणाकडे बसणार? धाकट्या जाऊबाई करतील का? त्यांची नोकरी, त्यांच्या सुनेचं बाळंतपण. पुतण्याच्या फ्लॅटमध्ये जागा आहे का? गौरी चुकवायच्या नसतात, एवढं तिला पक्कं ठाऊक असतं. आपल्याला मात्र ती यातलं काही बोलत नाही, कारण नातवंडांकडे यायचंही तिलाच असतं.

माझं आजचं सांगणं हेच आहे की हा विषय तिकीट काढण्याआधी आपण काढावा आणि निर्णय तिच्यावर सोडावा. काही घराण्यांत गौरी एकाच घरी बसतात, त्या हलवत नाहीत. तिथे जाऊबाईंना आपण स्वतः फोन करावा, खर्चाचंही बोलून घ्यावं. काही घरांत ‘जिथे कर्ती बाई, तिथे गौरी’ असं मानतात. मग मुखवटे साडीत गुंडाळून हातातल्या बॅगेतून येतात. कोकणातल्या ज्या घरांत खड्यांच्या गौरी असतात, तिथे तेवढंही लागत नाही. पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणायचे, बस्स. एका घरात सुनेच्या माहेरी खडे आणि सासरी मुखवटे असं असेल, आणि दोन्हीकडची आई एकाच वेळी आलेली असेल, तर दोघींना एकत्र बसवून विचारा. आपण मधे पडून वाटणी करू नये. त्या दोघी आपल्यापेक्षा फार लवकर वाट काढतात.

मुखवटे आले तरी स्टँड येत नाहीत. तांदळाच्या वीस पौंडी पिशव्या एकावर एक रचून त्यावर साडी नेसवलेल्या गौरी मी इथे पाहिल्या आहेत, आणि त्या सुरेख दिसतात. सोळा भाज्या प्लेनो-अर्विंगच्या भारतीय दुकानांत जमतात. दूर्वांची काळजी तर टेक्ससमध्ये करूच नका. आपल्या अंगणात जे बर्म्युडा ग्रास वाढतं तीच दूर्वा. वनस्पतिशास्त्रात दोन्हींचं नाव एकच आहे, सायनोडॉन डॅक्टिलॉन. फक्त लॉनवर तणनाशक मारणाऱ्याला आधीच सांगून एक कोपरा राखून ठेवा, तिथे मशीनही फिरवू नका. सकाळी आजोबा नातवाला घेऊन तिथे बसतील, तीन पानांचं कोवळं टोक कसं ओळखायचं ते दाखवतील. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसाला हे स्वतःचं काम असतं.

गौरी घरात येतात तेव्हा दारापासून हळदीकुंकवाची पावलं काढायची, आणि ‘गौर आली, सोन्याच्या पावलांनी आली’ म्हणत तिला सगळं घर दाखवायचं. गावी धान्याची कोठी, दुभतं, तिजोरी दाखवतात. इथे आजीला गराज दाखवू द्या, फ्रीझर दाखवू द्या, मुलांचं अभ्यासाचं टेबल, तुमचा ऑफिसचा कोपरा. मुलांना वाटी धरायला सांगा. मोबाइल धरायला नको. पुरण शिजलंय की नाही हे हाताला कळावं लागतं, सोळा पदरी दोऱ्याच्या गाठी बोटांनी मारायच्या असतात. रेकॉर्डिंग करणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले राहतात आणि आजी परत गेल्यावर त्याला काहीच येत नसतं.

आता तिथीचं. गौरी नक्षत्रावर चालतात: अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. नक्षत्र लागतं तो क्षण जगभर एकच, पण त्या दिवसांत डॅलस भारताच्या साडेदहा तास मागे असतं. तिकडे संध्याकाळी लागलेलं नक्षत्र इकडे सकाळीच लागलेलं असतं. म्हणून बाबांनी आणलेली दिनदर्शिका आणि इथलं पंचांग कधीकधी जुळत नाही. इथल्या रेखांशाचं पंचांग बाबांसमोर ठेवा, त्यांना गणित मांडू द्या. आपण तारीख ठरवून त्यांना कळवायची, हे बरं नाही.

आणि त्या दिवशी सुट्टी घ्या. २०२५ साली महाराष्ट्रात गौरीपूजन १ सप्टेंबरला, सोमवारी होतं, आणि तोच लेबर डे, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी. असा योग दरवर्षी येत नाही. एरवी बुधवारी किंवा गुरुवारी पूजन येतं, सगळे कामावर, आणि सत्तरीची बाई परक्या स्वयंपाकघरात एकटी पोळ्या लाटते. मला हे फार लागतं. मुलांचंही सांगते: टेक्ससच्या शिक्षण कायद्यात धार्मिक सणासाठीची गैरहजेरी शाळेने माफ करायची तरतूद आहे. आधी चिठ्ठी द्या.

शेवटी ओपन हाऊसबद्दल. दर्शनाला साठ माणसं बोलवावीत, जरूर बोलवावीत. परदेशात तेच आपले भाऊबंद. पण त्या साठांचा स्वयंपाक आईच्या गुडघ्यांवर नको. ‘तिला आवडतं करायला’ असं आपण म्हणतो. तिला आपल्या चार माणसांसाठी करायला आवडतं. ओपन हाऊसच्या शनिवारचं जेवण बाहेरून मागवा, त्या दिवशी तिला चांगली साडी नेसून गौरींपाशी खुर्चीत बसू द्या, येणाऱ्या सुनांच्या ओट्या भरू द्या. तिच्या हातच्या पुरणपोळ्या पूजनाच्या दिवशी घरातल्यांनी, तिला सोबत बसवून, गरम खायच्या.