जुन्या लिव्हर रायफलचं चेंबर वाढवायचंय? आधी हे बघा

[टेबलावर दोन रिकाम्या पुंगळ्या, कॅमेरा अगदी जवळ]

काडतुसाच्या या दोन पितळी पुंगळ्या बघा. दोन्ही एकाच खोक्यातल्या, .३०-३० विंचेस्टरच्या. अमेरिकेत लहानथोर सगळे हिला ‘थर्टी-थर्टी’ म्हणतात. डावीकडची माझ्या मित्राच्या मार्लिन रायफलमधून उडवलेली. तिचा खांदा कसा अलगद उतरलाय, बाटलीच्या गळ्यासारखा. आता उजवीकडची. खांदा एकदम तीव्र, अंग जवळजवळ सरळ. ही माझ्या रायफलमधली. काडतूस तेच, दारू तीच. चेंबरचा जो आकार होता, तो पितळेनं घेतला.

[पुंगळ्या बाजूला, हातात रायफल]

नमस्कार मंडळी. ही माझी विंचेस्टर ९४, ट्रिगरखालचा दांडा, म्हणजे लिव्हर, खालीवर करून काडतूस चढवायची रायफल. मिशिगनमध्ये एका जुन्या बंदुकांच्या दुकानातून घेतली. नळीवर .३०-३० असा स्वच्छ शिक्का होता, म्हणून मी पुढं काही विचारलंच नाही. पहिल्याच दिवशी रेंजवर तीन बार काढले, पुंगळी उचलून पाहिली आणि पोटात गोळा आला. आधीच्या कुणी मालकानं चेंबर कापून वाढवलं होतं आणि त्याची खूण नळीवर कुठंही ठेवली नव्हती. नशीब एवढंच, की हा बदल त्यातल्या त्यात निरुपद्रवी निघाला. तसा नसता तर काय झालं असतं, त्यासाठी हा व्हिडिओ.

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची ती जागा, जिथं काडतूस जाऊन बसतं. ते वाढवायचं म्हणजे रिमर नावाचं हत्यार आत फिरवून पोलाद कापायचं. कापलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. म्हणून नवं काडतूस जुन्यापेक्षा सगळीकडून मोठंच असायला हवं. एका जागी जरी ते बारीक पडलं, तरी तिथं पोकळी राहते आणि बार होताच पितळ त्या पोकळीत फुगतं किंवा फाटतं.

विंचेस्टर १८९२ चं उदाहरण घ्या. ही छोटी, सुबक रायफल. अनेकांना वाटतं, .४४-४० ची आहे ना, मग .४४ मॅग्नम करून टाकू, दोन्ही ‘चव्वेचाळीस’च. पण .४४-४० च्या पुंगळीचं बूड .४७१ इंच आणि .४४ मॅग्नमचं .४५७ इंच. नवं काडतूस बुडाशी बारीक आहे! रिमर तिथं भिंतीला टेकणारसुद्धा नाही. मग मार्ग एकच, नवी नळी. नावातले आकडे बघून ठरवू नका, पुंगळीची मापं बघून ठरवा.

[तीन रायफली टेबलावर ओळीनं]

आता मुख्य तिघी लिव्हर रायफली. पहिली ही ९४. जॉन ब्राउनिंगची रचना, १८९४ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला थर्टी-थर्टी मिळालं, बिनधुराच्या दारूचं. सत्तर लाखांहून जास्त बनल्या. जंगलात दिवसभर हातात धरून चालायला हिच्यासारखी दुसरी नाही, हे मी अनुभवानं सांगतो. सपाट अंग, हलकं वजन, मधोमध धरली की हातात तोललेली राहते. अडचण अशी, की जुन्या ९४ मधून पुंगळी सरळ वर उडते, त्यामुळं दुर्बीण मधोमध बसवता येत नाही.

दुसरी मार्लिन ३३६, १९४८ ची. हिची पुंगळी बाजूनं बाहेर पडते, वरून अंग बंद, दुर्बीण सुखानं बसते. वजनाला थोडी जास्त. दोघींचं मॅगझिन म्हणजे नळीखालची नळी. आत काडतुसं एकामागं एक उभी. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीला, टेकून राहते आणि बाराच्या हिसक्यानं ते आतल्या आतच उडू शकतं, म्हणून या रायफलींना चपट्या नाकाची गोळी.

तिसरी सॅव्हेज ९९. हिच्याबद्दल मी जरा लांबण लावणार, कारण माझा जीव हिच्यावर आहे. आर्थर सॅव्हेज हा जमैकात जन्मलेला माणूस, कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाचा. बाहेर घोडा (हॅमर) दिसत नाही, सगळं आत. आणि मॅगझिन गोल फिरणारं.

[कॅमेरा रायफलच्या डाव्या कुशीवर]

इथं ही बारीकशी खिडकी. मी एक काडतूस अंगठ्यानं आत दाबतो... आकडा बदलला. अजून एक... पुन्हा बदलला. आत किती शिल्लक आहेत ते रायफल स्वतः सांगते, आणि ही कल्पना १८९० च्या दशकातली! काडतुसं एकमेकांच्या पाठीला टेकत नाहीत, म्हणून टोकदार गोळी चालते. १९१५ मध्ये चार्ल्स न्यूटननं आखलेलं .२५०-३००० हे काडतूस यातच आलं, सेकंदाला ३,००० फूट वेगाचं. मग १९२० मध्ये .३०० सॅव्हेज.

आणि इथंच मोह होतो. .३०० सॅव्हेज आणि .३०८ विंचेस्टर, गोळीचा व्यास एक, बुडाचा व्यास एक. .३०८ ची पुंगळी लांब, २.०१५ इंच, सॅव्हेजची १.८७१. म्हणजे रिमर बरोब्बर कापेल. लोक म्हणतात, तासाभराचं काम. पण मॅगझिनचं काय? ते फिरणारं चक्र त्या त्या काडतुसाच्या मापानं घडवलेलं असतं, जुन्यात .३०८ नीट बसत नाही. आणि दाब? .३०० सॅव्हेजची कमाल मर्यादा ४७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), .३०८ ची ६२,०००. चेंबर वाढलं, पण मागचं पोलाद १९२० च्या दशकातलंच राहिलं.

हे ‘मागचं’ नीट समजून घ्या. बोल्ट म्हणजे चेंबरचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दांडा. ९४, ३३६, ९९, या तिघींचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो. बार झाला की सगळा रेटा बोल्टच्या अख्ख्या लांबीतून मागं जातो. लांब सळई रेट्याखाली किंचित दबते, तसाच बोल्ट दबतो आणि पुंगळी तेवढी ताणली जाते. थर्टी-थर्टीची मर्यादा ४२,००० पीएसआय, तिथवर हे खपून जातं. दाब जसा वाढतो, तसा पुंगळ्या बुडाशी तुटण्याचा धोका वाढतो. १९५५ ची विंचेस्टर ८८ आणि नंतरची ब्राउनिंग बीएलआर, यांचा बोल्ट फिरून पुढं, चेंबरच्या तोंडाशीच अडकतो. म्हणून त्यांच्यात .३०८ मूळचंच मिळतं. ज्याला .३०८ हवंच आहे त्यानं तीच रायफल घ्यावी, जुनी ९९ कापू नये. माझं मत ठाम आहे.

मार्लिनवाल्यांना .३५ रेमिंग्टनचं .३५६ विंचेस्टर करायचं असतं. गोळीचा व्यास तोच. पण दाबात फार मोठा फरक, आणि खुद्द मार्लिननं त्या काडतुसासाठी ३३६ ईआर अशी मजबूत केलेली वेगळी रायफल काढली होती. कारखान्याला जे गरजेचं वाटलं, ते आपण गॅरेजमध्ये वगळायचं?

सगळ्यात भीती मला वाटते ती .३८-५५ ची. या जुन्या काडतुसाच्या चेंबरमध्ये १९७८ चं .३७५ विंचेस्टर रिमर न फिरवताही सहज शिरतं. ते किंचित आखूड आहे आणि दाब कितीतरी जास्त. लिव्हर अडत नाही, काहीच जाणवत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या ९४ मध्ये हे कदापि घालू नका.

मग करण्यासारखं काही आहे का? आहे. माझ्या रायफलवर झालेलं ते. थर्टी-थर्टी अ‍ॅक्ली इम्प्रूव्ह्ड, पी. ओ. अ‍ॅक्ली या अमेरिकन बंदूक कारागिराचं. थर्टी-थर्टीच्या बुडाला कडा असते आणि काडतूस त्या कडेवर टेकून बसतं. म्हणून चेंबर वाढवलं तरी दुकानातलं साधं काडतूस जागेवरच राहतं, बारानं फुगून नवा आकार घेतं. वेग जरासा कमी होतो, एवढंच. सरळ अंगाची पुंगळी चेंबरच्या भिंतींना घट्ट धरते आणि बोल्टवरचा रेटा कमी करते. अ‍ॅक्लीनं तर ९४ चा बोल्ट अडवणारा अडसर काढून बार केला होता. तुम्ही चुकूनही करू नका! चेंबरला तेल असेल, तर ती पकडच राहत नाही.

दुसरी कथा अलास्कातल्या कूपर लँडिंगच्या हॅरॉल्ड जॉन्सनची. अस्वलांच्या मुलखात त्याला मोठी गोळी हवी होती. त्यानं विंचेस्टर ७१ घेतली, तिच्या .३४८ पुंगळीचं तोंड रुंद करून .४५० अलास्कन बनवलं. तेही मुळात दणकट असलेल्या रायफलवर.

भारतातून बघणाऱ्यांसाठी. तिकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम वाचा, शस्त्रात बदल करणं, दुरुस्ती, चाचणी, सगळ्याला परवाना लागतो. आजोबांच्या वेळची लिव्हर रायफल घरात असेल तर तिला हात लावू नका. अशा रायफली तिकडं होत्याच. दक्षिणेतले शिकारी केनेथ अँडरसन वापरायचे ती .४०५ ची विंचेस्टर १८९५, तीच जात जी १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्टनं आफ्रिकेला नेली होती.

[पुन्हा ९४ हातात, नळीचा शिक्का जवळून]

जुनी रायफल घेताना शिक्क्यावर विश्वास टाकू नका. पहिला बार काढायच्या आधीच गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून घ्या. सेरोसेफ नावाचा लवकर वितळणारा धातू ओततात, थंड झाला की चेंबरची हुबेहूब प्रत हातात येते. ती मापायची. सोबत हेडस्पेसही, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस जिथं टेकतं ती जागा यांतलं अंतर, तपासून घ्यायचा. मी हे सगळं केलं, पण बार काढल्यानंतर. माझ्या गनस्मिथनं मापं घेतली आणि मग हे कोरलं. दिसतंय? .३०-३० च्या पुढं ‘अ‍ॅक्ली इम्प्रूव्ह्ड’. अक्षरं नवी आहेत, कडा अजून चमकतायत. माझ्यानंतर ही ज्याच्या हातात जाईल, त्याला पुंगळी उचलून घाबरावं लागणार नाही.

मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीनं हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. त्या पहाटे हिच्यात साधी थर्टी-थर्टीच असेल.