खिडकीतला हिवाळा

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

संक्रांतीला गोड बोलावे असा प्रघात आहे. तो मी आज थोडा मोडणार आहे, कारण गेल्या आठवड्यात माझी मुलगी मला जे बोलली त्यात गोड काहीही नव्हते. रात्रभर बर्फ पडला होता, मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहून पुण्याच्या गुलाबी थंडीचे गुणगान करीत होते, आणि पळायला निघालेली ही पोर बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली, "आई, तुम्ही मंडळातले लोक कॅनडात राहतच नाही. तुम्ही घरात राहता."

मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी तिच्याबरोबर निघाले. स्वेटर, त्यावर कोट, त्यावर सासूबाईंनी विणलेली कानटोपी असा माझा जामानिमा पाहून तिने त्यातला निम्मा उतरवायला लावला. बाहेर आहे त्यापेक्षा दहा अंश अधिक ऊब आहे असे समजून कपडे घालायचे, अंगालगत सुती कापड नको कारण ते घाम धरून ठेवते, आणि जाताना वाऱ्याला तोंड द्यायचे म्हणजे घामेजलेल्या अंगाने परतताना तो पाठीशी राहतो, एवढे ज्ञान मला दारातच मिळाले. इतक्या वर्षांत आपण हे कोणाला विचारलेसुद्धा नाही!

माझी समजूत होती की बर्फ म्हटला की पाय घसरणारच. पण ताजा भुसभुशीत बर्फ पाय बऱ्यापैकी धरतो. घात करतो तो त्याच्याखाली दडलेला, वितळून पुन्हा गोठलेला जुना थर, आणि म्हणून पावले आखूड टाकून पाय अंगाच्या खालीच टेकवावा लागतो. पारा उणे दहाच्या बराच खाली असल्यामुळे प्रत्येक पावलाला बर्फ करकरत होता. एरवी मात्र रस्ता मुका होता, कारण ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते आणि ती आवाज गिळून टाकते. त्या शांततेत माझी धाप तेवढी साऱ्या आळीला ऐकू गेली असावी. पर्वतीच्या 103 पायऱ्या एका दमात चढल्याच्या माझ्या कथा मुलीने पुष्कळ ऐकल्या आहेत. पहिल्याच वळणावर तिने त्यांची आठवण करून दिली.

आपल्या पुण्याच्या हवामानाच्या नोंदीतला नीचांक 17 जानेवारी 1935 चा, 1.7 अंशांचा आहे. इथली मुले तेवढ्या थंडीत कोटाची बटणेही लावीत नाहीत. वेताळ टेकडीवर पहाटे जाणारे आपण, 1983 साली सुरू झालेली मॅरेथॉन पाहायला डिसेंबरात रस्त्याच्या कडेला उभे राहिलेले आपण, इथे नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमधून गॅरेजमध्ये जातो, आणि तळघरातल्या ट्रेडमिलवर धुणे वाळत घालतो. मंडळाची सहल कायम जुलैत. मुलांनी पुण्याची टेकडी ओळखावी असा आपला आग्रह, पण त्यांच्या मागल्या दारची टेकडी आपण हिवाळ्यात कधी चढलो आहोत?

मुलीचे ते वाक्य मला आणखी एका कारणाने छळते आहे. माझे सासरे एके काळी रोज टेकडीवर जात. दिवाळीनंतर त्यांनी अंगणसुद्धा पाहिलेले नाही. विचारले की "एप्रिलात बघू" म्हणतात. मुलीने त्यांच्यासाठी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे आणले, पण मी अजून धजत नाही, कारण त्या वयात खुब्याचे हाड मोडले तर पुढचे सारेच अवघड होते. आणि पाच महिने खुर्चीत बसून पायांतले बळ जाते, तेही मला समोर दिसते आहे. त्यांना बाहेर न्यावे की नेऊ नये? मंडळात डॉक्टर पुष्कळ आहेत. चहाच्या वेळी कोणीतरी मला याचे सरळ उत्तर द्यावे, आणि कृपा करून "जपून न्या" एवढेच सांगू नये.