एका चालीचा प्रवास

पहाटेचं पॅरिस. रस्ता रिकामा आहे. एक मजूर येतो, कुदळीचा पहिला घाव घालतो. शेजारी कुणीतरी घोरतंय. झाडू फिरायला लागतो, तान्हं मूल रडतं, चांभार खिळे ठोकायला बसतात, खिडक्यांमधून चादरी झटकल्या जातात. एकेक आवाज येतो, आधीच्यात मिसळतो आणि बघता बघता अख्खी गल्ली ठेका धरते. अजून कुणी गायला तोंड उघडलेलं नाही, पण गाणं सुरू झालंय.

हा १९३२ सालचा संगीतपट 'लव्ह मी टुनाइट'. निर्मिती पॅरामाउंटची, दिग्दर्शक रूबेन मामूलियन. आवाजांचा असा मेळ त्यांनी आधी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर साधला होता, १९२७ च्या 'पोर्गी' नाटकात.

बोलपट येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. सुरुवातीला कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडत. मग कॅमेरा हलणार कसा? नटमंडळीही मायक्रोफोनच्या आसपास घुटमळत. त्यातच संगीतपटांचा असा पूर आला की १९३० पर्यंत प्रेक्षक कंटाळले. बऱ्याच चित्रपटांत गाणं आलं की गोष्ट थांबायची. मामूलियन यांनी गोष्ट पुढे न्यायचं काम गाण्यावरच सोपवलं.

कसं, ते बघा. नायक मोरिस शिंपी आहे. एका गिऱ्हाइकाला लग्नाचा सूट चढवताना तो 'इझन्ट इट रोमँटिक' गुणगुणतो. गिऱ्हाईक तीच चाल गुणगुणत दुकानाबाहेर पडतं. ती टॅक्सीवाला उचलतो. टॅक्सीत बसलेला संगीतकार तिथल्या तिथे ती लिहून घेतो आणि आगगाडीत बसून तिच्यावर शब्द रचतो. डब्यातले सैनिक ती ऐकतात आणि पुढे शेतातून कूच करताना गातात. तिथून ती जिप्सींच्या तळावर, व्हायोलिनवर पोचते. तळावरचे सूर रात्री एका गढीच्या सज्जापर्यंत जातात आणि सज्जात उभी असलेली राजकन्या जेनेट पुढचं गाणं गाते. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नाही! चाल रिचर्ड रॉजर्स यांची, शब्द लॉरेन्झ हार्ट यांचे. प्रेमाची इतकी देखणी सुरुवात मला दुसऱ्या कुठल्या संगीतपटात दिसलेली नाही.

मोरिस झालेत मोरिस शेव्हालिए, जेनेट झाल्यात जेनेट मॅकडोनल्ड. ही जोडी दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांनी १९२९ च्या 'द लव्ह परेड'मध्ये जमवली होती.

मोरिस त्या गढीवर जातो तो प्रेमासाठी नव्हे, उधारी वसूल करायला. कपडे शिवून घेऊन एका उमरावाने पैसे बुडवलेत. तो उमराव वेळ मारून नेण्यासाठी मोरिसची ओळख बॅरन म्हणून करून देतो. हे सोंग फुटतं ते मोरिसच्या हातामुळे. राजकन्येचा घोडेस्वारीचा पोशाख नीट बसलेला नाही, हे त्याला बघवत नाही. तो माप घेतो, कापड बेततो, पोशाख असा बसवतो की शिंप्याशिवाय कुणाला जमूच नये. मग काय, गढीभर एकच गाणं: हा तर नुसता शिंपी! म्हाताऱ्या आत्यांपासून नोकरचाकरांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला त्यातली एखादी ओळ येते.

राजकन्या आधी मागे सरते आणि मग घोड्यावर मांड ठोकून, परत निघालेल्या मोरिसच्या आगगाडीमागे सुटते. गाडी थांबत नाही, तेव्हा ती पुढे जाऊन रुळांच्या मधोमध उभी राहते, कमरेवर हात ठेवून. नायकाने नायिकेला मिळवायचं, या रिवाजाला १९३२ मध्ये दिलेलं हे उत्तर आहे.

या चित्रपटातला खट्याळपणा दोन वर्षांनी पडद्यावर येऊच शकला नसता. पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता जुलै १९३४ पासून कडकपणे लागू झाली. नंतर हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना त्याला कात्री लागली आणि कापलेला भाग आजवर सापडलेला नाही. पण ती चाल मात्र शिंप्याच्या दुकानापासून सज्जापर्यंत अजून ऐकता येते. चांगले हेडफोन लावून ऐका, आणि गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडतं तिथून वाद्यं कशी बदलत जातात तिकडे कान द्या.