घोडा जी५ वर आला की घाबरायचं नाही
(सोलापुरात पालक आणि मुलांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या या उन्हात भर दुपारी आलात, काही जण तर अक्कलकोट, बार्शीवरनं एसटीनं आलेत, त्यामुळं मी सरळ मुद्द्यालाच हात घालतो. आपल्याकडं शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धेत काळी मोहरी आली की पोरं आधीच तोंड पाडून बसतात, आणि जे डाव पंधरा-वीस चालीत संपतात त्यातले बरेच एकाच ओपनिंगमधले, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चालींमधले असतात, आज फक्त तेवढंच बघायचंय.

मोठ्या पटाकडं बघा. घराच्या नावातलं अक्षर म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडनं ए ते एच अशी उभी ओळ, आणि आकडा म्हणजे त्याच्या बाजूनं एक ते आठ अशी आडवी ओळ. पांढऱ्याचं प्यादं ई४, आपलं ई५. त्याचा घोडा एफ३, आपला सी६. त्याचा उंट सी४, आपला दुसरा घोडा एफ६. इथवर सगळं ठीक, आणि चौथ्या चालीला तो तोच घोडा उचलून जी५ वर ठेवतो. आता आपलं एफ७ चं प्यादं बघा, त्याला राखायला एकटा राजा, आणि त्याच्यावर उंट आणि घोडा दोघं टपलेत. कॅसलिंग करावं, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्याकडं आडोशाला न्यावा म्हटलं तर एफ८ चा उंट अजून जागचा हललेला नाही. पोरगं घाबरतं ते इथंच.

प्यादं डी५ खेळायचं. उंटाची वाट बंद. तो प्याद्यानं ते मारतो आणि आता खरी गोची, कारण आपला हात आपोआप एफ६ च्या घोड्याकडं जातो, मारलं प्यादं, हिशोब बरोबर. नाही, थांबा. घोड्यानं मारलं की त्याचा घोडा एफ७ वर येऊन पडतो, वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम, म्हणून राजानं तो मारायचा, मग त्याचा वजीर एफ३ वर येऊन शह देतो आणि डी५ च्या आपल्या घोड्यावरही जोर लावतो, तो घोडा वाचवायचा तर आपला राजा ई६ वर, भर पटाच्या मधोमध उघडा. हाच फ्राईड लिव्हर नावाचा हल्ला, सुमारे १६१० सालच्या इटलीतल्या पोलेरियो या खेळाडूच्या डावापासून माहीत असलेला. कॉम्प्युटर तिथनंही झुंजेल हो, पण बारा वर्षाच्या पोराच्या घड्याळात दहा मिनिटं उरलेली असताना ते जमत नाही, म्हणून मी ते शिकवत नाही.

मग काय? डी५ चं प्यादं लगेच मारायचं नाही, सी६ चा घोडा ए५ वर, सी४ च्या उंटावर. तो उंट बी५ वर नेऊन शह देतो, आपण मधे प्यादं सी६ घालायचं, तो मारतो, आपण बी च्या प्याद्यानं परत मारायचं. उंटाला हलावंच लागतं, समजा ई२ ला गेला. आपण प्यादं एच६, त्याचा घोडा परत एफ३. आपण प्यादं ई४, त्याचा घोडा परत उठला, ई५ वर. आणि आपण उंट डी६, परत त्याच घोड्यावर.

आता मोजा, हे मला फार आवडतं. त्याच्या दहा चाली झाल्यात. त्यातल्या चार एकट्या घोड्याच्या, तीन उंटाच्या, आणि उरलेल्या तीन एकाच प्याद्याच्या, जे मरून पटाबाहेर गेलंय. बाकीची तेरा मोहरी जागची हललेली नाहीत. त्याच्याकडं एक प्यादं जास्त आहे, बरोबर, पण आपले दोन्ही घोडे बाहेर, उंट बाहेर, पुढच्या चालीला कॅसलिंग. प्यादं दिलं आणि त्याच्या बदल्यात वेळ घेतला. पालकांनो, पोरगं एक प्यादं मागं आहे हे लांबनं बघून कपाळाला हात लावू नका, पोरगं तुमच्याकडं बघत असतं.

खोटं सांगत नाही, ए५ चा घोडा कडेला पडतो, तो लवकर आत आणावा लागतो, नाहीतर सगळा फायदा वाया. आणि हल्ली बरेच जण उंट ई२ ऐवजी डी३ वर नेतात, म्हणजे एच६ केल्यावर घोड्याला ई४ ची जागा मिळते, तिथं घाई न करता खेळायचं. पांढऱ्यानं घोडा एफ३ ऐवजी एच३ वर नेणं पण आहे. तेव्हाचा जगज्जेता श्टाइनिट्झ, त्यानं ते रशियाच्या चिगोरिनविरुद्ध १८९०-९१ च्या तारेवरच्या सामन्यात खेळलं, चाली तारेनं जायच्या, आणि काळ्यांनी खेळणारा चिगोरिन जिंकला. पुढं अमेरिकेच्या फिशरनं १९६३ साली तीच चाल त्याच्याच देशाच्या बिसगायरविरुद्ध काढली आणि जिंकला, त्याच अमेरिकन अजिंक्यपदात त्यानं अकराच्या अकरा डाव घेतले होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी डाव जिवंत आहे, काळ्यानं रडावं असं त्यात काही नाही.

मागनं एका ताईंनी विचारलं, सर, एवढं सगळं पाठ करण्यापेक्षा ते टाळता येत नाही का. येतं की. तिसऱ्या चालीला घोडा एफ६ ऐवजी उंट सी५ काढा, मग त्याचा घोडा जी५ वर आला तर आपला वजीर डी८ वरनं सरळ त्याला उचलतो, कारण मधे आपला घोडा आडवा नाही. अगदी नव्या पोरांना मी तेच देतो. पण ज्याला वर्षभर खेळून झालंय त्यानं घोडा एफ६ च काढावा, आणि ए५ ची ती लाइन, म्हणजे चालींची साखळी, घरी पटावर हातानं मांडून, दोन्ही बाजूंनी, पुन्हा पुन्हा खेळावी. चला, पट लावा, पहिली जोडी कोण येतंय?