नरसिंहाचं मशीन

नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘जुनी शिलाई मशीन कशी ओळखावीत, कशी निवडावीत आणि कशी चालती करावीत’. ते सांगणार आहेच. पण आधी एक विचारते. ज्यांच्या घरी आईचं, आजीचं, सासूबाईंचं जुनं मशीन आहे, त्यांनी हात वर करा. वा, अर्ध्याहून जास्त सभागृह! आता ज्यांनी गेल्या वर्षभरात त्यावर एक तरी टीप मारली आहे, त्यांनीच हात वर ठेवा.

चार. त्या चौघींना भाषणानंतर मी चहा देणार आहे.

बाकीच्यांसाठीच मी आज आले आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ही मशीन शिवण्यासाठी आहेत आणि आजही शिवतात. शंभर वर्षांपूर्वीचं मशीन तेल घातल्यावर, सुई बदलल्यावर परवाच्या मशीनसारखं किंवा त्याहून सरळ शिवतं. तरी आपण त्यावर फुलदाणी ठेवतो. नाही तर मशीन भंगारात देतो आणि बिडाचा स्टँड ठेवून घेतो, कारण त्यावर काच टाकली की टेबल होतं. हॉटेलांतून ती टेबलं बघते तेव्हा माझा पाय आपोआप खालच्या पायट्यावर जातो. पायटा हलतो, चाक फिरतं आणि वर काहीच नसतं. मला तिथे जेवण जात नाही.

आता टेबलावरच्या या मशीनकडे या. हे सिंगर कंपनीचं, सत्तावीस क्लासचं, म्हणजे त्या नंबरच्या नमुन्याचं, हाताचं मशीन. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात झालेलं. माझे पणजोबा लालबागला गिरणीच्या दाराशी बसून शिवणकाम करायचे. त्यांनी ते हप्त्यानं घेतलं होतं. हप्त्याची पद्धत कंपनी काढणाऱ्या आयझॅक सिंगरच्या भागीदारानं, एडवर्ड क्लार्कनं, १८५६ सालीच अमेरिकेत सुरू केली होती. एवढी महाग वस्तू शिंप्याच्या, गिरणी कामगाराच्या घरात शिरली ती त्या हप्त्यांमुळे.

या मशीनवर सोनेरी चित्रं असायची. सिंहाचं अंग आणि बाईचं डोकं, इजिप्तमधला तो स्फिंक्स. आमच्या चाळीत स्फिंक्स कोणाला ठाऊक? आई त्याला नरसिंह म्हणायची. दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची तेव्हा हळदीकुंकू त्या नरसिंहाला लागायचं. शेजारच्या काकू पोलक्याचं कापड घेऊन आल्या की म्हणायच्या, ‘नरसिंहावर घाल गं, तुझ्या हातमशीनची टीप उसवत नाही.’

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी नऊ वर्षांची होते. वडील गिरणीत. संप किती चालला, त्यात किती घरं गेली, हे या सभागृहात सांगायला नको. आमचं घर तगलं ते या मशीनवर. परळच्या एका व्यापाऱ्याकडून आई परकरांचं कापड आणायची. डझनावर पैसे मिळायचे. हाताच्या मशीनची एक अडचण असते. उजवा हात दांड्यावर गुंतला की कापडाला एकच हात उरतो. परकराचा घेर मोठा. म्हणून दांडा मी फिरवायची आणि आई दोन्ही हातांनी कापड सरकवायची. दांड्याच्या एका फेऱ्याला चाक तीन वेळा फिरतं, म्हणजे तीन टाके पडतात. आई तोंडानं काही सांगायची नाही. नेफ्याशी आली की नुसतं ‘हं’ म्हणायची आणि मी हात सावकाश करायची. सरळ शिवण लागली की तिची मान किंचित हलायची, की मी जोरात. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत हे चालायचं. वडील शेजारी बसून नाड्या ओवायचे. मी दमले की दांडा ते घ्यायचे, पण त्यांना ते ‘हं’ कळायचं नाही आणि सुई मोडायची.

ही गोष्ट लांबतेय, मला कळतंय. पण ज्यासाठी मी इतकी वर्षं भांडते आहे ते पुढेच आहे.

१९९६ साली मशीन अडकलं. चाक हलेना. कारण साधं होतं. संपाच्या दिवसांत मशीनचं तेल विकत घेणं परवडायचं नाही, म्हणून आई खोबरेल टाकायची. खोबरेल थंडीत गोठतं आणि वर्षानुवर्षं साचलं की त्याचा चिकट थर होतो. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. आईला चकित करायचं म्हणून मशीन एका दुरुस्तीच्या दुकानात दिलं आणि सांगितलं, ‘अगदी नव्यासारखं करून द्या.’ ते शब्द माझेच. आठ दिवसांनी मशीन आलं. चकाचक, काळंभोर. त्यांनी पॉलिश पेपरनं सगळं घासून वर ऑइलपेंट मारला होता. नरसिंह गेला, सोनेरी नक्षी गेली. आईनं मशीनवर हात फिरवला, जिथे चित्र असायचं तिथे बोटं थांबली. ‘नरसिंह कुठं गेला?’ एवढंच म्हणाली. मला रागावली नाही. संध्याकाळी ती शिवायला बसली तर दोरा तुटायला लागला. शटल बदललेलं होतं. जुनं, झिजून गुळगुळीत झालेलं शटल गायब, आणि त्या जागी कडेला धार असलेलं नवं. दुकानदार म्हणाले, जुनं खराब होतं, टाकून दिलं.

शटल म्हणजे काय ते दाखवते, मग त्याचं इतकं दुःख का ते कळेल. ही पोलादी सरकपट्टी अशी बाजूला केली की आत पाळण्यासारखं झुलणारं काहीतरी दिसतं. त्यात बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार नळकांडं बसतं, तेच शटल. त्याच्या आत ही लांबट बॉबीन, काडीच्या दोन्ही टोकांना टिकल्या चिकटवल्यासारखी. आता मी चाक अगदी हळू फिरवते, पुढच्या रांगेतल्यांनी वाकून बघा. सुई खाली गेली. आता ती वर यायला लागली, नुसती एक-दोन मिलिमीटर. आणि थांबा, इथे बघा. सुईच्या मागे दोऱ्याचा इवलासा फासा सुटला. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक त्या फाशातून आत शिरतं आणि सबंध शटल त्यातून पार होतं. खालचा दोरा वरच्यात अडकला, टाका पडला. बस, एवढंच. भोक टोकाशी असलेली सुई आणि खालून जाणारं शटल या जोडीचं पेटंट एलियस हाउला १८४६ साली अमेरिकेत मिळालं, सिंगरचं १८५१चं. पुढे शटलची जागा गोल फिरणाऱ्या हुकानं घेतली, पण फासा धरायची युक्ती तीच राहिली. तेव्हा ज्या टोकावर दोरा इतका घासत जातो, त्याला जरा जरी धार असली तरी काय होणार?

मी दोन वर्षं शटल शोधलं. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी तसंच दुसरं मशीन मिळालं, गंजलेलं, पण आत शटल शाबूत. मशीन घेतलं, शटल काढून आईच्या मशीनला लावलं. दोरा तुटायचा थांबला. आई पुढे अकरा वर्षं त्यावर शिवत होती. माझ्या मुलाची झबली, कुंच्या, दुपटी, सगळी तिथेच झाली. पण घरी कोपऱ्यात ते दुसरं मशीन, बिनशटलाचं. त्याचा काय दोष? एकाला जगवण्यासाठी मी दुसऱ्याचा जीव काढला होता. त्याच्यासाठी शटल शोधू लागले आणि त्या शोधात तिसरं मशीन घरी आलं. आज अकरा आहेत. अकराही चालतात आणि महिन्यातून एकदा प्रत्येकावर काहीतरी शिवते. बाराव्याला हात लावत नाही, कारण बारा मशीनवर शिवायला मला वेळ होणार नाही.

क्लाइडबँकचंही सांगायलाच हवं. हा कारखाना १८८०च्या दशकात उभा राहिला, १९८० साली बंद झाला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजूनही सिंगर आहे. १९११च्या मार्चमध्ये तिथे संप झाला. लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांवर कामाचा बोजा वाढवला म्हणून त्या उठल्या आणि पाहता पाहता दहा हजारांहून जास्त माणसं बाहेर पडली. तो संप मोडला. पुढाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. हे मी वाचलं तेव्हा आईच्या मशीनच्या लाकडी झाकणावरून हात फिरवला. दुकानदारानं रंग मशीनला मारला होता, झाकणाला नाही. झाकणाचं पॉलिश मूळचं आहे. मशीनचा क्रमांक एफ अक्षरानं सुरू होतो, म्हणजे ते १९१० किंवा त्यानंतरचं. या झाकणावर कोणाचा हात फिरला असेल? आईला हे सांगायला हवं होतं, तेव्हा मला माहीत नव्हतं.

गांधीजींचाही एक उल्लेख. यंत्रांना त्यांचा विरोध होता हे सगळे सांगतात. पण १९२४ साली त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हटलं, आजवर लागलेल्या मोजक्या उपयोगी शोधांतलं एक मानलं. बायको हातानं शिवून थकते हे बघून सिंगरनं प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले. तसं काही घडलं नव्हतं. सिंगरनं बॉस्टनच्या एका कारखान्यात ते मशीन पैशासाठी सुधारलं. पण गांधीजींना त्यात थकलेली बाई दिसली, हे मला फार मोलाचं वाटतं. तिचं थकणं खरंच होतं. ते मी दांडा फिरवताना पाहिलं आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता सुरू करते, भराभर लिहून घ्या.

ओळखायचं कसं? मशीनच्या खालच्या सपाट भागावर क्रमांक कोरलेला असतो. सिंगरच्या क्रमांकाआधी अक्षर असेल तर ते १९०० नंतरचं, नुसते आकडे असतील तर त्याआधीचं. एफ आणि वाय म्हणजे क्लाइडबँक. घरी उषा असेल तर तिला कमी लेखू नका. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनं १९३०च्या दशकापासून ती केली आणि तिचे सुटे भाग अजून गल्लीगल्लीत मिळतात. नव्यानं शिवायला शिकणाऱ्यानं लांब बॉबीनच्या मशीनपेक्षा गोल बॉबीनचं घ्यावं, बॉबीन आणि बॉबीन केस सहज मिळतात.

विकत घेताना रंगावर जाऊ नका. चाक फिरतं का, सुईचा दांडा वरखाली होतो का, कापड सरकवणारे दाते उचलतात का, सरकपट्टी आणि शटल आहे का, एवढं बघा. शटल नसलेलं मशीन अर्ध्या किमतीतही महाग. चाक अडकलेलं असेल तर घाबरू नका, नव्वद टक्के वेळा तेलच वाळलेलं असतं. जिथे धातूवर धातू घासतो तिथे रॉकेलचा थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी हलक्या हातानं चाक मागेपुढे करा. जोर लावू नका. सुटलं की पुसून मशीनचंच तेल घाला. खोबरेल नाही, गोडंतेल नाही.

आणि चित्रांवर रॉकेल नाही, थिनर नाही, स्पिरिट नाही, नेलपॉलिश काढायचं तर नाहीच नाही. सोनेरी चित्रावर लाखेचं वॉर्निश असतं, ते स्पिरिटनं विरघळतं आणि चित्र बोळ्याला लागून निघतं. मशीनचंच तेल घेऊन मऊ सुती फडक्यानं पुसा, पुरे. दुरुस्तीला द्यायचं असेल तर कागदावर लिहून द्या, ‘घासू नये, रंगवू नये, जुना कुठलाही भाग टाकू नये’, आणि दुकानदाराची सही घ्या. मी तेव्हा हे केलं नाही.

सुई नवी घाला. बहुतेक घरगुती मशीनना, या सत्तावीसलासुद्धा, आजची साधी सुई चालते. चपटी बाजू शटलकडे. मग दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर टीप मारा. भोकं रेघेवरून सरळ गेली तर मशीन ठीक आहे. पायमशीनचा चामडी पट्टा सैल झाला असेल तर बोटभर कापून तारेची कडी पुन्हा लावा. नवा पट्टाही महाग नाही.

घरातलं बाकीचं सामानही टाकू नका. लाकडी रिळं, पितळी अंगुस्तान, दुमड घालायच्या पट्ट्या, बटणांचा बिस्किटाचा डबा. तो डबा तर उघडून बघाच, हरवलेली बॉबीन बहुतेकदा तिथेच असते. आणि विकायचं झालं तर सगळं एकत्र विका, स्टँड वेगळा आणि मशीन वेगळं करू नका.

वेळ संपली म्हणतायत. अजून दोऱ्याच्या ताणाचं राहिलंच, ते चहाच्या वेळी विचारा. मशीन इथेच ठेवतेय, दोरा ओवलेला आहे, खाली जुन्या धोतराचं कापड लावलंय. ज्यांना चालवून बघायचंय त्यांनी या. पहिल्या रांगेतल्या ताई, तुम्हीच या आधी. दांडा आपल्यापासून पुढच्या बाजूला फिरवायचा, मग चाक आपल्याकडे येतं. उलटा फिरवलात तर दोरा गुंतेल. दोरा आधी जरा मागे धरा. हं. आता सावकाश.